मुंग्यांवरचं औषध

३ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे ठीक. तूही ठीक असशीलच. स्वतःचं औषधांचं दुकान असलेल्या बाईला काय धाड भरलीय!

फोन सोडून पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. फोन असतो गल्ल्याजवळ आणि गल्ल्यावर असते तुझी ताई. शिवाय मी फोनवर कुजबुजलो तरी समोरच्या दुकानातल्या चष्मेवाल्याला ऐकू जातं, असं तीच म्हणते.

तर विचारायचं असं, की मुंग्यांवर तुझ्याकडे काही चांगलं औषध आहे का? हिवाळ्यात अधूनमधून यायच्या. म्हटलं, येतील नि जातील. पण आता मुक्कामालाच आल्यात. सकाळी कापड बेतायला घेतलं की आधी डाव्या बाजूने येतात, दुपारपर्यंत उजवीकडेही हजर. आडवं झालं की खालून वर नुसता सुळसुळाट. झटकून झालं, चोळून झालं, गरम पाणी करून झालं. कशालाच दाद देत नाहीत.

हे तुझ्या ताईच्या कानावर जाता कामा नये. ती आकांडतांडव करील आणि दुकानाला कुलूप लावायला सांगील. सत्तावीस वर्षं शिवतोय मी इथे. दुकानाला कुलूप म्हणजे मला कुलूप, हे तुला वेगळं सांगायला नको. गोळी असो, मलम असो, गुपचूप पाठव.

तुझा भावोजी
(टेलर मास्तर)


९ मार्च

ती. भावोजींना साष्टांग नमस्कार.

घरात मुंग्या झाल्या तर त्यात एवढं लपवण्यासारखं काय? पण ताईचं मला माहीत आहे. लहानपणी अंथरुणात एक मुंगी निघाली म्हणून तिने अख्ख्या घराला अंगणात झोपवलं होतं. तेव्हा तुमची भीती अगदीच खोटी नाही.

सोबत मुंग्यांच्या खडूच्या चार कांड्या पाठवतेय. येतात तिथे आडवी रेघ ओढा, ओलांडणार नाहीत. खडू विषारी आहे. नंतर हात साबणाने धुवा आणि कापडावर खुणा करायच्या तुमच्या खडूंत तो मिसळू देऊ नका. हे औषध गोळीत किंवा मलमात मिळत नाही. गिऱ्हाइकाने असं विचारलं असतं तर मी त्याला आधी खुर्चीत बसवून पाणी दिलं असतं.

पण नुसत्या रेघा ओढून भागायचं नाही. मुळाशी जा. खरं सांगा, कुठेतरी गोड चोरून ठेवलंय ना? ते आधी बंद करा. गोड आहे तोवर कितीही औषध करा, मुंग्या येतच राहणार. आणि गरम पाण्याने काय होतंय? चांगलं उकळतं ओता.

तुमची,
धाकटी


१५ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

तू तर मनकवडी निघालीस. गोडाचं तुला सांगितलं कुणी? बरं, कबूल. रिळांच्या खणात मागच्या बाजूला बिस्किटांचा डबा आहे. अकरा वर्षं रक्तात साखर आहे, रोज गोळी घेतो, सगळं मान्य. पण ‘चोरून ठेवलंय’ हे जरा लागलं. डबा उघडच आहे, फक्त कुणाला दिसत नाही.

खडूने मात्र मला बुचकळ्यात टाकलं. रेघ मनगटावर ओढायची की कोपरावर, यावर मी चांगला तासभर घालवला. मनगटावर ओढणारही होतो, तेवढ्यात शेवटची ओळ वाचली. उकळतं ओता! तेव्हा ध्यानात आलं, की आपल्या दोघांचं माप चुकलंय. अगं बये, मुंग्या घरात नाहीत, हातात येतात! बोटांना येतात, पायाच्या अंगठ्यापासून घोट्यापर्यंत येतात. आणि तुझं ते पत्र पुडक्याला बांधलेल्या उघड्या कार्डावर! तुझ्या ताईने वाचलं आणि तीन दिवस मी आणि ती मिळून सगळं दुकान धुतोय. एक मुंगी सापडली नाही. तिचा संशय त्यामुळे वाढलाच.

आता खरं सांगतो. मुंग्यांचं एक वेळ चालेल. पण त्या गेल्या की बोट सुन्न पडतं. सुई धरलीय की नाही ते डोळ्यांनी पाहून ठरवावं लागतं. मागच्या आठवड्यात न्यायाधीशसाहेबांची पँट दिली. एक टाचणी आत राहिली. मी दोन्ही हात फिरवून तपासली होती, कळलीच नाही. साहेब भर कोर्टात बसले आणि उभे राहिले. सगळं कोर्ट त्यांच्या मानार्थ उभं राहिलं म्हणे, म्हणून निभावलं.

तू हसशील. हस. पण कोटाचं काज हाताने करणारा या बाजारात मी एकटा उरलोय. ती बोटं गेली तर माझ्यापाशी राहिलं काय?

चष्मेवाला म्हणतो, नसांच्या दुखण्यावर जीवनसत्त्वाची गोळी येते, तिने सगळं सुतासारखं सरळ होतं. तीच पाठव. आणि पत्र यापुढे पाकिटात घालून चष्मेवाल्याच्या पत्त्यावर टाक. माणूस भरवशाचा आहे.

भावोजी


२२ मार्च

ती. भावोजी,

कोर्ट उभं राहिलं तिथपर्यंत हसले. पुढचं वाचून हसू गेलं. उकळत्या पाण्याबद्दल तर स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. ज्याला हाताला कळत नाही त्याने गरम पाण्याच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. भाजलेलं कळणारसुद्धा नाही. शेकायची पिशवीही बंद. अनवाणी फिरणंही बंद. रोज पाय उलटे करून तळवे बघायचे.

आता गोळीचं. नसेवर एक आवरण असतं. तुमच्या भाषेत अस्तर. बी-बारा नावाचं जीवनसत्त्व कमी पडलं की ते अस्तर विरत जातं. मग जळजळ, टोचल्यासारखं होणं, मुंग्या, आणि शेवटी बधिरपणा. बी-बारा कमी असेल तर ही गोळी किंवा इंजेक्शन खरंच उपयोगी पडतं. पण अस्तर विरलं कशाने, हे न बघता नवं लावणारा शिंपी तुम्ही दुकानात ठेवाल का? वाढलेल्या साखरेनेही नसा खराब होतात. आणि तुम्ही अकरा वर्षं घेताय त्या साखरेच्या गोळीनेही बी-बारा हळूहळू उतरू शकतं. म्हणून ती गोळी उद्यापासून बंद, असला शहाणपणा करायचा नाही हं! रक्त तपासायचं आणि डॉक्टर सांगतील ते करायचं.

त्यांना सगळं सांगा. दुसरी कुठली औषधं चालू आहेत, कधी कुठल्या औषधाने अंगावर पुरळ उठलं होतं का, मूत्रपिंडाचा काही त्रास आहे का, सगळं. चिठ्ठी असल्याशिवाय मी एक गोळी पाठवणार नाही. तुम्ही भावोजी असा नाहीतर न्यायाधीश.

आणि ताईला सांगा. एवढी वर्षं तुमच्यासोबत काढलीत तिने, ती मुंग्यांना घाबरेल, तुमच्या हातांना नाही.

धाकटी


६ एप्रिल

चि. धाकटीस आशीर्वाद.

तू गोळी दिली नाहीस म्हणून काम अडत नाही. औषध कंपनीचा एक माणूस माझं गिऱ्हाईक आहे, गावोगाव बॅग घेऊन फिरतो. त्याच्या सुटाची बाही मी तातडीने सैल करून दिली, त्याने नमुन्याच्या कॅप्सूल मूठभर काढून दिल्या. दोन आठवडे घेतोय. वर लिहिलंय नसांसाठी, आत जीवनसत्त्व. म्हणजे जे भाजीत असतं तेच. भाजी जास्त खाल्ली म्हणून कुणी मेल्याचं ऐकलंयस?

आता तुझ्यापाशी झाकून काय ठेवायचं. पिवळी गोळी तर मी नोव्हेंबरपासूनच घेतोय. आधी एक, मग फरक पडेना म्हणून दोन. जानेवारीपासून जोडीला लाल. ही कॅप्सूल तिसरी. तिन्ही नसांच्याच, म्हणजे तिन्ही बाजूंनी घेराव.

गुण काय आला म्हणशील, तर झोप. अशी झोप मला लग्नाआधी लागायची. परवा मशीनवर बसल्या बसल्या डोळा लागला आणि पाय चालूच राहिला. जागा झालो तेव्हा एका पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवले गेले होते. शिलाई मात्र सरळ. स्टुलावरून उठताना जरा भोवंडतं, मग मी टेबल धरतो. शनिवारी चष्मेवाल्याकडे घोटभर घेतली तर दोन जिने चढून मी भलत्याच बिऱ्हाडाची बेल वाजवली. त्या बाईंनी चहा दिला, चांगल्या आहेत.

मुंग्या गेल्या का? नाही. उलट पाहुणे घेऊन आल्यात. पण औषधाला वेळ द्यावा लागतो, असं तूच गिऱ्हाइकांना सांगतेस ना?

तिन्ही पाकिटांवरचं बारीक अक्षर उतरवून वेगळ्या कागदावर पाठवतोय. बघ आणि शाबासकी दे.

भावोजी


१० एप्रिल

भावोजी,

नमस्कार नंतर करते. आधी हे वाचा, आणि उभे असाल तर खाली बसा.

तुम्ही उतरवलेल्या तिन्ही याद्यांत बी-सहा आहे. एकात नाही, तिन्हींत. पिवळीत तर भरपूर, आणि ती तुम्ही दुप्पट घेताय. बी-सहा नसांना लागतंच, पण चिमूटभर. महिनोन्महिने भरमसाट पोटात गेलं तर तेच नसांना मारतं. आणि मारतं कसं ठाऊक आहे? हातापायाला मुंग्या, मग बधिरपणा. म्हणजे कळलं का तुम्ही काय केलंत? मुंग्या आल्या म्हणून गोळी, गोळीने मुंग्या, वाढल्या म्हणून आणखी गोळी. हा घेराव तुम्ही स्वतःलाच घातलाय.

कॅप्सूलचं आणखी वेगळं. तिच्यात जीवनसत्त्वासोबत नसांची कळ दाबणारं दुसरं औषध आहे. त्यानेच झोप आणि भोवळ. नुसतं जीवनसत्त्व कुणाला झोपवत नाही. त्याच्यावर दारू म्हणजे आगीत तेल. घोटभरसुद्धा नाही. स्कूटर नाही, शिडी नाही, मशीनला हात नाही. पिवळी आणि लाल आजपासून बंद. कॅप्सूल मात्र मनाने एकदम तोडायची नाही. तीही बाधते. ती कशी कमी करायची हे डॉक्टरच सांगतील, म्हणून त्यांच्याकडे उद्याच जायचं. तिन्ही पाकिटं बरोबर न्यायची. तोंडी वर्णन करायचं नाही, तुमची वर्णनं मी वाचली आहेत.

औषधांच्या नमुन्यांची बॅग म्हणजे बिस्किटांचा डबा नव्हे. त्या तुमच्या गिऱ्हाइकालाही हे सांगा, नाहीतर पत्ता द्या, मी सांगते.

वीस तारखेच्या आत तपासणीचा कागद माझ्या हातात पडला नाही तर मी ताईला कळवणार.

धाकटी


१८ एप्रिल

चि. धाकटीस आशीर्वाद.

घे, तुझ्या मनासारखं झालं. डॉक्टरांकडे जाऊन आलो, रक्त दिलं, रिपोर्टही आला. कागद त्यांनी ठेवून घेतला, म्हणून आकडे तोंडपाठ करून आलो. बी-एक : एक. बी-सहा : सहा. बी-बारा : बारा. जिथल्या तिथे, सूतभर इकडेतिकडे नाही. डॉक्टर म्हणाले, “मास्तर, इतकं मापात बसणारं रक्त मी पहिल्यांदाच पाहतोय.”

तेव्हा ताईला कळवायचं कारण उरलं नाही. विषय संपला.

भावोजी


२३ एप्रिल

भावोजी,

बी-बारा हे त्या जीवनसत्त्वाचं नाव आहे, माप नव्हे. ते रक्तात शेकड्यांनी मोजतात. तुमचं खरोखर बारा आलं असतं तर डॉक्टरांनी तुम्हाला पत्र लिहायला घरी सोडलं नसतं.

हा रिपोर्ट मी शेजारच्या डॉक्टरांना वाचून दाखवला. ते खुर्चीवरून पडायचे बाकी होते. मीही हसले. दुकान बंद केल्यावर मात्र रडले. तुम्ही एवढे घाबरलात, की आकडेसुद्धा नीट विचारून खोटं बोलता आलं नाही तुम्हाला.

ताईला पत्र टाकलंय. शिव्या द्यायच्या असतील तर द्या.

धाकटी


३० एप्रिल

धाकटे,

तुझं पत्र आलं. गुपित म्हणून उघडलं, पण त्यात मला नवं असं काहीच नव्हतं. तुमचा सगळा पत्रव्यवहार मी तुझ्या भावोजींच्या आधी वाचलाय. चष्मेवाला भरवशाचा आहे हे खरं. पहिलं पाकीट आलं तेव्हाच तो माझ्याकडे घेऊन आला, म्हणाला, “वहिनी, अक्षर तुमच्या बहिणीचं आहे, मास्तरांना द्यायचं की तुम्हाला?” मी वाचून, डिंक लावून परत त्याच्या हातात द्यायची. हे जाऊन ऐटीत ते घेऊन यायचे. यांची तुला जाणारी पाकिटंही तो माझ्याकडेच आणायचा, टपालात मीच टाकत होते, म्हणजे हिशेब लाव. बिस्किटांच्या डब्यात कितीतरी दिवस मी तीन-तीनच ठेवतेय. यांना वाटतं आपणच संयमाने खातोय.

न्यायाधीशांची टाचणी सुटली तेवढीच. बाकी गिऱ्हाइकांच्या कपड्यांतून जानेवारीपासून मी किती टाचण्या काढल्या ते विचारू नकोस. आणि कोटाची काजं. दुपारी हे डोळा लावून पडले, की वाकडं झालेलं काज मी उसवायचे आणि नव्याने करून ठेवायचे. उठून हे ते भिंगाखाली धरायचे, नि म्हणायचे, “आज हात बरा चाललाय.” मी म्हणायचे, “चाललाय खरा.”

मग गप्प का बसले, असं विचारशील. या माणसाला पकडलं की तो आणखी खोटं बोलतो. आपणहून येईल तेव्हाच खरं सांगतो. म्हणून वाट बघत होते. घेराव नि भाजी ते सगळं वाचूनसुद्धा दहा-बारा दिवस थांबले, म्हटलं तुझ्या धाकाने जातील डॉक्टरांकडे. मग तो बाराचा रिपोर्ट वाचला आणि हसता हसता आणखी आठवडा गेला. माझं चुकलं. हे तुला एकटीला सांगते.

परवा दुपारी मी गल्ल्यावर होते. हे इस्त्री करत होते. मला करपल्याचा वास आला. म्हटलं, कापड जळतंय. वळून पाहिलं तर कापड बाजूला होतं. डाव्या हाताची दोन बोटं इस्त्रीच्या कडेखाली होती आणि हे माझ्याकडे बघून म्हणत होते, “कसला वास येतोय गं?”

मी इस्त्री उचलली. बोटं पाण्याखाली धरली आणि म्हटलं, “चला.” कुठे, असं त्यांनी विचारलं नाही. रिक्षात माझा हात धरून बसले आणि म्हणाले, “तुला कळू नये एवढंच बघत होतो.” मी म्हटलं, “मला कळलेलं तुम्हाला कळू नये, एवढंच मी बघत होते.” मग आम्ही दोघंही रडलो. रिक्षावाल्याने आरसा वळवून घेतला.

डॉक्टरीण बाई शांत आहेत. चालू औषधं विचारली तर यांनी खिशातून दोन पाकिटं काढली. तिसरं मी माझ्या पर्समधून काढलं. त्यांनी पिवळी नि लाल तिथल्या तिथे बंद केली. कॅप्सूल टप्प्याटप्प्याने उतरवायची आहे. रक्ताचे आकडे खरे आले. बी-बारा फारच खाली, साखर वर, बी-सहा नको तितकं. आता नुसत्या बी-बाराची इंजेक्शनं सुरू केलीत, साखरेची औषधंही बदललीत. बोटं परत येतील का, विचारलं. म्हणाल्या, “नस फार सावकाश भरते. महिने लागतील. सगळी येतील असं वचन मी देणार नाही.”

यांनी ते ऐकलं, आणि घरी येईपर्यंत एक विनोद केला नाही. मला त्याचीच भीती वाटतेय.

ताई


१२ जून

चि. धाकटीस आशीर्वाद.

फितूर मेव्हणी, फितूर चष्मेवाला आणि घरात गुप्तहेर. असा माणूस किती दिवस टिकणार? तरी राग नाही. इस्त्रीची जखम भरली. भरताना दुखली नाही, त्याचं मात्र वाईट वाटलं. दुखायला पाहिजे होती.

तुझी ताई रोज सकाळी माझे तळवे आरशात बघते, कापडाचं ठाण उलगडून डाग शोधावा तसे. शनिवारची बैठक बंद. चष्मेवाला एकटा पितो आणि माझ्यापाशी दुःख सांगतो. झोप माणसासारखी झालीय. साखर उतरलीय. डोकं फिरत नाही. बोटांचं म्हणशील तर उजव्या हाताला टोकाशी जरा ऊब कळते. डावा अजून परक्याचाच आहे.

एक गोष्ट तुला सांगतो, ती तिला मी इतके दिवस सांगितली नव्हती. तिने केलेली काजं मी पहिल्याच दिवशी ओळखली होती. ती डावखुरी आहे, तिचा टाका उलट्या अंगाला झुकतो. भिंगाखाली तर स्पष्ट दिसतो. तरी मी म्हणायचो, “आज हात बरा चाललाय.” दुसरं काय म्हणणार होतो? ‘तू माझं काम करतेयस’ असं म्हटलं असतं तर ‘मला आता जमत नाही’ हेही म्हणावं लागलं असतं.

गेल्या सोमवारी न्यायाधीशसाहेब नवा कोट न्यायला आले. आधी खुर्ची चाचपून बसले. कोट घालून काजांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “मास्तर, असा हात आता बघायला मिळत नाही.” तुझी ताई गल्ल्यावर मान खाली घालून पावती लिहीत होती. मी म्हटलं, “साहेब, ही काजं माझी नाहीत, हिची आहेत. माझी बोटं सध्या रजेवर आहेत.” पेन हातातच राहिलं तिचं. मला वाटलं होतं हे वाक्य तोंडातून निघताना जीव जाईल. काही झालं नाही. उलट साहेबांनी आणखी दोन कोट टाकले.

दुकानाला कुलूप लागलं नाही. आता कापड मी बेततो, तुझी ताई काजं करते. आणि माझ्या चुका ती आता समोरासमोर काढते, ते एक आधीचंच बरं होतं.

तू त्या दिवशी पत्र टाकलंस ते बरं केलंस.

भावोजी


२१ सप्टेंबर

धाकटे,

काल डॉक्टरीण बाईंना दाखवून आणलं. बी-बारा आता चांगलं आहे. इंजेक्शन महिन्यातून एकदा. कॅप्सूल कधीच सुटली. उजवा हात बराचसा परत आलाय, सुई धरतात, साधी शिलाई करतात. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र अजून सुन्न. बाई म्हणाल्या, “याच्यापुढे काय होईल ते बघत राहायचं. न सांगता स्वतःचं काही सुरू करायचं नाही.” हे म्हणाले, “आता मी भाजीसुद्धा हिला विचारून खातो.”

बाईंनी जूनमध्येच घरी एक तपासणी करायला सांगितलीय. डोळे मिटून बसायचं, दुसऱ्याने बोटाच्या टोकाला अलगद स्पर्श करायचा, आणि कळलं की सांगायचं. मी रोज दुपारी दुकान पुन्हा उघडायच्या आधी बेतायच्या टेबलावर त्यांचा डावा हात ठेवून हे करते. जून, जुलै, ऑगस्ट, त्या दोन बोटांना रोज ‘नाही’. हे ‘नाही’ म्हणतात ते हसत, पण मग तासभर कापडावरून मान वर करत नाहीत.

आज नेहमीसारखे बसले. डोळे मिटले. मी माझं बोट त्यांच्या करंगळीपाशी नेलं, तेवढ्यात बाहेर कुणीतरी हाक मारली म्हणून तसंच अधांतरी राहिलं. हे म्हणाले, “कळलं!”

मी बोट टेकवलंच नव्हतं गं.

त्यांचा चेहरा असा, की परीक्षेत पहिला नंबर आला म्हणून सांगताहेत. माझ्यासाठीच म्हणाले होते ते. रोज ‘नाही’ ऐकून माझा चेहरा कसा होत असेल, तो यांनी मिटल्या डोळ्यांनीसुद्धा बघितला असणार. मला राग आला, आणि रागापेक्षा माया जास्त आली. मी नुसतं बोट टेकवलं.

ते दचकले. डोळे उघडून आधी बोटाकडे, मग माझ्याकडे बघितलं. अगदी हळू म्हणाले, “मघाशी खोटं बोललो होतो. हे खरं.”

ताई